बुलेटला साइडकार जोडताना: दोन नळ्या आणि एक ओळंबा

साइडकार घ्यायला निघालेला माणूस आधी डबा बघतो. रंग कसा आहे, गादी किती मऊ, वर टप आहे का. खरं तर वाकून खाली बघायला हवं. डबा फायबरचा, तो उद्याही बदलता येईल. पोराबाळांचं वजन पेलते ती खालची चौकट, तिचं चाक आणि गाडीला धरणारे चार हात.

इथे गाडी जुनी बुलेट धरली आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, म्हणून साइडकारही डावीकडेच. उजवीकडची परदेशी साइडकार कितीही स्वस्तात मिळाली तरी नको: बसलेलं माणूस वाहत्या रस्त्यात उतरतं, आणि ती चौकट उलटी करून डावीकडे लागत नाही. रिकाम्या साइडकारचं वजन गाडीच्या वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावं. फार हलकी असली तर डाव्या वळणावर उचलली जाते, फार जड असली तर क्लच आणि ब्रेक रडतात. चाक 10 इंची स्कूटरचं असेल तर टायर-ट्यूब कुठेही मिळते, पण लहान चाक खड्ड्यात जास्त खोल जातं. घरच्यांना बसवायचं असेल तर मोठं चाक आणि त्याला स्वतंत्र शॉकअब (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) हवाच. नुसत्या रबरी गुटक्यांवर बसवलेला सांगाडा मणक्याला कळतो.

जुन्या बुलेटच्या फ्रेमला पुढे एकच उभी नळी असते आणि मधली जागा इंजिनच भरून काढतं. ही फ्रेम दोन चाकांसाठी केलेली आहे. बाजूने येणारा पीळ तिला सवयीचा नाही. म्हणून गाडीखाली आधी एक सबफ्रेम (आधाराची जादा चौकट) बसवून तिच्यावर खालचे दोन जोड घ्यावेत, एक पुढे, एक मागे चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या हाताच्या) पिव्हटजवळ. वरचे दोन हात तिरके येतात: पुढचा हँडलच्या मानेखाली, मागचा सीटखाली, शॉकअबच्या वरच्या बोल्टाजवळ. चारही हातांची लांबी आट्यांवर कमी-जास्त करता आली पाहिजे. क्लॅम्प नळीच्या मापाचाच घ्या. मोठा क्लॅम्प घेऊन आत रबर कोंबलं की ते महिन्याभरात दबतं आणि सगळी मापं हलतात. हँडलच्या मानेवर थेट वेल्डिंग करायला कोणी सुचवलं तर गाडी उचलून दुसऱ्या गॅरेजला न्या. बोल्ट 8.8 ग्रेडचे, नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे), आणि एकदा काढलेला नायलॉक परत वापरायचा नाही.

आता मापं. सगळा खेळ इथे आहे, आणि ‘अंदाजाने बसवलंय, चालतंय’ हे वाक्यही इथेच ऐकू येतं. सपाट फरशी शोधा, तिन्ही टायरांत हवा बरोबर भरा, हँडल सरळ बांधून ठेवा.

पहिलं माप, साइडकारचं चाक मागच्या चाकाच्या किती पुढे. गाडीच्या दोन चाकांमधल्या अंतराच्या 10 ते 20 टक्के. जुन्या बुलेटचं ते अंतर 1370 मिमी, म्हणजे साधारण 140 ते 270 मिमी. कमी ठेवलं तर उजव्या वळणावर ब्रेक मारताना साइडकारचं नाक खाली जातं आणि गाडीचं मागचं चाक हलकं होतं. जास्त ठेवलं तर हँडल जड होतं, टायर घासतो.

दुसरं टो-इन. साइडकारचं चाक गाडीला सतत डावीकडे ओढत असतं, म्हणून त्याचं तोंड किंचित गाडीकडे वळवून ठेवायचं. दोन सरळ अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या विटांवर ठेवा. एक गाडीच्या दोन्ही टायरांना डावीकडून टेकवून, दुसरी साइडकारच्या टायरला बाहेरून. पुढच्या टायरच्या पुढे आणि मागच्या टायरच्या मागे दोन नळ्यांतलं अंतर मोजा. पुढचं 12 ते 20 मिमी कमी भरलं पाहिजे. मागचा टायर जास्त रुंद असेल तर नळी पुढच्या टायरला टेकवू नका. मागे 120 आणि पुढे 90 रुंदी असेल तर पुढे दोन्ही काठांशी 15 मिमीची फट राहिली पाहिजे. बरेचसे लोक इथेच चुकतात आणि मग टायर 2000 किमीत का उडाला म्हणून दुकानदाराशी भांडतात.

तिसरं, गाडीचा कल. गाडी उजवीकडे, म्हणजे साइडकारपासून लांब, 1 ते 2 अंश झुकलेली असावी. आपला रस्ता डाव्या कडेला उतरता असतो, तो ओढा हा कल पेलतो. हे माप चालवणारा सीटवर आणि साइडकारमध्ये रोजचं वजन ठेवूनच घ्यायचं. मागच्या रिमच्या वरच्या काठाला उजवीकडून गवंड्याचा ओळंबा लावा. 19 इंची रिमवर खालचा काठ दोरीपासून साधारण 9 मिमी लांब राहिला की 1 अंश झाला. कल बदलला की टो-इन हलतं, म्हणून पुन्हा मोजा. दोन-तीन फेऱ्या लागतातच.

मग रिकाम्या सपाट रस्त्यावर 40 च्या वेगाने हात सैल करून बघा. डावीकडे ओढते तर कल थोडा वाढवा, उजवीकडे तर कमी करा. वरच्या हातांना एका वेळी अर्धा आटाच द्या. गॅस वाढवला की डावीकडे आणि सोडला की उजवीकडे जाणारच, ते दुरुस्त करत बसू नका. कमी वेगात हँडल थरथरतं, त्याला आधी कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंग, तपासा (टेपर बेअरिंग घातलं तर उत्तम), तरी राहिलं तर हँडलची थरथर दाबणारा स्टिअरिंग डँपर. चेनचं पुढचं दातेरी चाक (स्प्रॉकेट) एक-दोन दात लहान केलं की घाटात क्लच जळायचा वाचतो. 50 किमीला, 200 ला आणि 500 ला प्रत्येक नट पाहा. नट आणि बोल्टावर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवली की सैल झालेला लांबूनच दिसतो.

साइडकार रिकामी असेल तर 40 किलो वाळूची पोती तळाला बांधा. मागच्या सीटवर जड माणूस आणि साइडकारमध्ये कोणी नाही, ही मांडणी डाव्या वळणावर चाक उचलते. उचललंच तर गॅस हळू सोडा आणि हँडल किंचित उजवीकडे द्या, झटका नको. मुलांचा पट्टा फायबरला नाही, चौकटीला बांधा. डावा इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि पुढचा पांढरा दिवा साइडकारवर घ्या, आणि त्यांना वेगळी अर्थिंगची वायर द्या. रंगवलेल्या जोडातून अर्थिंग नीट मिळत नाही.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 2(27) मधली मोटरसायकलची व्याख्या सुट्या साइडकारीसकट आहे. पण म्हणून कलम 52 टळत नाही: आरसीतल्या तपशिलात बसणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही. वेल्डिंगच्या आधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, साइडकारमध्ये बसलेल्यालाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मोटरसायकलला बंदी आहे, त्यामुळे खंडाळ्याला जायचं तर जुन्या रस्त्याने. चढावर थांबलात तर पहिला गिअर टाकून मागच्या चाकामागे दगड लावा, कारण आता साइड स्टँड उरलेला नसतो.