ट्रायपॉडची परवानगी : माझा अनुभव

संरक्षित स्मारकात कॅमेरा हातात धरून छायाचित्रे काढणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही. त्याच कॅमेऱ्याखाली ट्रायपॉड, म्हणजे तीन पायांचा स्टँड, उभा करायचा म्हटले की मात्र लेखी परवानगी लागते. ही परवानगी मिळवताना माझा अर्ज ज्या एका टेबलावर अडकून पडला, त्याबद्दलचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. वास्तूचे आणि कार्यालयाचे नाव देत नाही. सोलापूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशा अंतरावरचे ते एक हेमाडपंती मंदिर आहे, एवढे पुरे.

ट्रायपॉडच कशाला हवा, हा प्रश्न मला वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने विचारला, तेव्हा त्याचे उत्तर आधी देतो. मंदिराच्या सभामंडपात उजेड फक्त दरवाजातून येतो आणि तोही दोन-तीन खांबांपुढे जात नाही. छतावर दगडात कोरलेले उमललेले कमळ आहे आणि त्याच्या पाकळ्यांच्या कडांवर छिन्नीचे बारीक, तिरके घाव अजून स्पष्ट दिसतात. मला ते घाव टिपायचे होते. लेन्सचे छिद्र एफ/८ इतके लहान आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १०० ठेवल्यास तेथे सुमारे आठ सेकंदांचे एक्स्पोजर लागते, म्हणजे तेवढा वेळ उजेड आत घ्यावा लागतो. ५० मिलिमीटरची लेन्स हातात धरून साधारण १/५० सेकंदाच्या खाली जाऊ नये, हा प्रत्येक छायाचित्रकाराला ठाऊक असलेला आडाखा आहे. एफ/२.८ पर्यंत लेन्स उघडली तरी त्या वेगाला आयएसओ ५००० च्या घरात न्यावा लागतो. मग दगडाचा पोत कणाकणांत विरघळतो आणि कमळाचा मध्य स्पष्ट आला तर कडा धूसर होतात. फ्लॅश समोरून मारला की सावल्याच नाहीशा होतात, आणि कोरीवकाम दिसते ते सावल्यांमुळे. त्यामुळे आठ सेकंद कॅमेरा हलू न देणारी वस्तू, म्हणजे ट्रायपॉड, याला पर्याय नव्हता.

नियम काय म्हणतो, तेही सांगायला हवे. केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारकांना १९५८ चा अधिनियम आणि त्याखालचे १९५९ चे नियम लागू होतात. या नियमांत स्मारकाची प्रतिकृती काढण्याविषयी, म्हणजे रेखाटन, छायाचित्रण वगैरेंविषयी, एक भाग आहे आणि स्मारके चित्रपटासाठी चित्रित करण्याविषयी दुसरा, वेगळा भाग आहे. कॅमेऱ्याचा स्टँड पहिल्या भागात येतो. स्टूल, खुर्ची, टेबल, चित्रकाराचा मोठा फळा यांच्याच रांगेत त्याचा उल्लेख आहे आणि पुरातत्त्व अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने तो वापरता येतो. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र अधिनियम आहे, तेव्हा अर्ज लिहिण्यापूर्वी वास्तू केंद्राची की राज्याची, हे तेथील फलकावर वाचून घ्यावे. आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला केंद्राकडे आहे, तर नळदुर्ग राज्याकडे. चुकीच्या दारात दिलेला अर्ज आपोआप बरोबर दारात जात नाही.

दारावरच्या रक्षकाने मला अतिशय सौजन्याने परत पाठवले. "तिपाई चालत नाही बघा सर, साहेबांचं पत्र आणा, मग मीच धरून उभा राहतो," असे तो म्हणाला आणि पुढे त्याने शब्द पाळला. कार्यालयाचा पत्ता, आवक विभाग, पोच घेणे हे सारे सुरळीत झाले.

त्यानंतर अर्ज त्या टेबलावर गेला.

टेबलावरच्या मॅडमनी अर्जातला 'ट्रायपॉड' हा शब्द वाचला आणि तो बाजूला ठेवून मला एक छापील नमुना दिला. "ट्रायपॉड म्हणजे शूटिंगच की हो. हा भरून द्या." नमुना चित्रीकरणाचा होता. त्यात निर्मिती संस्थेचे नाव, पटकथेचा सारांश, कलाकार आणि तंत्रज्ञांची संख्या, वाहने, दिव्यांचा भार, जनरेटर, अनामत रक्कम असे रकाने होते. मी एकटा, एक कॅमेरा, एक लेन्स आणि दीड किलोचा ट्रायपॉड, एवढाच माझा संच आहे, असे मी समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि नमुना पुन्हा माझ्याकडे सरकवला. मी तो भरला. जेथे जेथे माझा संबंध नव्हता तेथे 'लागू नाही' असे स्वच्छ लिहिले. पुढच्या खेपेला तोच कागद 'अपूर्ण' असा शेरा मारून परत मिळाला, कारण पटकथेचा सारांश जोडलेला नव्हता.

यानंतरचा काळ मला आजही चीड आणतो. दूरध्वनी केला की साहेब दौऱ्यावर असत. प्रत्यक्ष गेलो की फाईल 'वर' असे आणि वर गेलो की ती खाली पाठवलेली असे. पावसाळा सरला आणि दरवाजातून तिरपा आत येणारा उजेड माझ्या डोळ्यांसमोर दिशा बदलत गेला. मोबाईलवर दिवसभर चित्रफिती काढणारे पर्यटक त्याच सभामंडपात मोकळेपणाने फिरत होते, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याला त्या दगडाची सर्वांत शांतपणे, काहीही न हलवता नोंद घ्यायची आहे त्यालाच चित्रपट कंपनी समजावे, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आताही पटत नाही. मॅडमनी माझ्याशी कधी उद्धटपणा केला नाही. त्यांच्या टेबलावर ट्रायपॉडसाठी वेगळा नमुना नव्हता आणि नमुना नसलेली गोष्ट कोणत्या फाईलमध्ये लावायची, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. म्हणूनच अशा ठिकाणी तोंडी समजावण्यात वेळ घालवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. जे सांगायचे ते कागदावर, आणि कागदाच्या पहिल्या ओळीतच सांगावे.

शेवटी मी छापील नमुना बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर नवा अर्ज लिहिला. विषयाच्या ओळीत 'ट्रायपॉड' आणि 'चित्रीकरण' हे दोन्ही शब्द टाळले आणि 'स्थिर छायाचित्रणासाठी कॅमेऱ्याचा स्टँड वापरण्यास लेखी परवानगी मिळणेबाबत' असे लिहिले. १९५९ च्या नियमांतील संबंधित पानाची छायाप्रत जोडून त्यातल्या स्टँडच्या उल्लेखाखाली पेन्सिलने रेघ मारली. ट्रायपॉड मिटलेला आणि उघडलेला अशी दोन छायाचित्रे लावली, वजन आणि मिटल्यावरची लांबी लिहिली, पायांना रबरी टोप्या आहेत व टोकदार खिळे बसवणार नाही, अशी हमी दिली. कृत्रिम प्रकाश वापरणार नाही, भिंतीला वा खांबाला काहीही टेकवणार नाही, विक्रीचा हेतू नाही, हेही वेगवेगळ्या वाक्यांत नमूद केले. अखेरीस एक विनंती केली: परवानगी देता येत नसल्यास कोणत्या नियमानुसार नाकारली, हे कृपया लेखी कळवावे. माझी खात्री आहे की अर्ज हलला तो या शेवटच्या वाक्याने. नाकारण्याचे कारण लिहायचे तर कोणीतरी नियम उघडून वाचणे भाग होते, आणि वाचल्यावर नाकारण्यासारखे काही उरत नव्हते.

साहेबांनी मला आत बोलावले, ट्रायपॉड बरोबर आहे का म्हणून विचारले आणि तो टेबलावर आडवा ठेवून एका पायाची रबरी टोपी अंगठ्याने दाबून पाहिली. टोपी फिरवून तळ पाहिला, त्यात खडा अडकलेला नाही ना, हेही पाहिले. "दगडाला ओरखडा नको, बाकी आमचं काही म्हणणं नाही," एवढेच ते बोलले आणि त्यांनी सही केली. इतक्या दिवसांत त्या वास्तूची काळजी मला प्रथमच दिसली ती त्या अंगठ्याच्या दाबात, आणि माझा निम्मा राग तेथेच उतरला. उरलेला निम्मा टेबलाच्या नावे शिल्लक आहे.

प्रत्यक्ष छायाचित्रणाविषयी फार सांगण्यासारखे नाही, कारण ते उत्तम झाले. ट्रायपॉडचे वरचे, जाड भाग आधी उघडावेत आणि शेवटचे बारीक भाग गरज पडली तरच. मधला दांडा शक्यतो वर काढू नये, कारण तो वर गेला की तीन पायांचा फायदा एका काठीवर येतो. कॅमेऱ्यातील कंपनरोधक सुविधा बंद करावी, कारण कॅमेरा स्थिर असताना तीच काही वेळा सूक्ष्म हालचाल निर्माण करते. बटण बोटाने दाबण्याऐवजी दोन सेकंदांचा टायमर लावावा. रक्षक खरोखरच शेजारी उभा राहिला आणि आठ सेकंद कोणी चालू नये म्हणून पर्यटकांना हाताने थांबवत राहिला. पडद्यावर कमळाच्या पाकळीवरचा एकेक घाव मोजता येईल असा उमटला, तेव्हा तो मला आधी दाखवावासा वाटला तो त्यालाच.

एक गोष्ट वर राहिली. परवानगीचा असा खटाटोप सगळीकडे नसतो. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाकाठी पहाटे ट्रायपॉड लावायला कोणाचे पत्र लागत नाही. तेथे अडचण वाऱ्याची आणि काळ्या मातीची आहे. वारा असेल तर मधल्या दांड्याच्या आकड्याला पिशवी अडकवावी, मात्र ती जमिनीला किंचित टेकू द्यावी, नाहीतर झुलणारी पिशवीच कॅमेरा हलवते. उतारावर दोन पाय उताराकडे आणि एक चढाकडे ठेवावा. पावसानंतर आपली काळी माती पायांच्या सांध्यांत शिरते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते, म्हणून घरी आल्यावर पाय पूर्ण उघडून, ओल्या फडक्याने पुसून, सुकवूनच मिटावेत. पिळून बंद होणारे सांधे त्या चिखलाने फार लवकर कुरकुरू लागतात. खटक्याचे सांधे साफ करायला मला सोपे वाटतात.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम टिपायलाही ट्रायपॉड हवाच, दोन ते चार सेकंदांच्या एक्स्पोजरला दुसरा इलाज नाही. पण नंदीध्वजांच्या, म्हणजे उभ्या पेलल्या जाणाऱ्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत मात्र तो घरी ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्या गर्दीत पसरलेले तीन पाय म्हणजे कोणाच्या तरी पायात येणारी अडचण, आणि नंदीध्वज पेलणाऱ्याचे लक्ष वर असते.

अर्जाविषयी आणखी दोन सूचना. परवानगी एकाच तारखेची मागू नये. ढग आले तर आत उजेडच नसतो, म्हणून आठवड्याभराचा कालावधी मागावा आणि त्या काळात कोणत्याही एका दिवशी, अशी शब्दरचना करावी. पत्राची मूळ प्रत आपल्याजवळ ठेवून दारावर छायाप्रत द्यावी, कारण रक्षकाची पाळी दुपारी बदलते आणि नव्या माणसाला सकाळचे काही ठाऊक नसते.