पोटरी आणि तेलाची वाटी

कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता अनवाणी भाविकांनी फुलून जातो आणि त्या सुमारे 45 किलोमीटरच्या वाटेवर कडेला बसून पोटऱ्यांना तेल चोळणारी माणसे हमखास दिसतात. चालून आखडलेल्या पायाला ते चोळणे मानवते. परंतु पोटरीचा स्नायूच फाटला असेल, तर पहिले दोन-तीन दिवस मालिश आणि शेक दोन्ही टाळावेत, कारण त्यांनी आतला रक्तस्राव वाढतो, हे आमच्या मराठवाड्यातल्या घरांत पटवणे महाकठीण. लंगडत आलेल्या माणसासमोर पाण्याआधी तेलाची वाटी येते.

पोटरीत आलेला गोळा पाय ताणला की थोड्या वेळात सुटतो. स्नायू फाटतो तेव्हा मात्र मागून कुणी दगड मारल्यासारखे वाटते आणि माणूस खरोखर वळून पाहतो. वरचा, उठून दिसणारा गॅस्ट्रॉक्नेमियस हा स्नायू गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. त्यामुळे सुटलेली एसटी पकडायला धावताना गुडघा ताठ असतानाच घोटा अचानक वर दुमडला, की त्याच्यावर दोन्हीकडून ताण येतो आणि बहुधा त्याची आतली बाजू उसवते. चाळिशीनंतर, एरवी न पळणाऱ्यांना हे अधिक होते.

सुरुवातीला विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटे, क्रेप बँडेज आणि उशीवर ठेवलेला पाय एवढे पुरते. मात्र कोणताही हिसका न बसता एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे चोळणे धोक्याचे, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

किरकोळ दुखापत 1 ते 3 आठवड्यांत आणि अर्धवट फाटलेला स्नायू साधारण 4 ते 8 आठवड्यांत सावरतो, पण दुखणे त्याच्या कितीतरी आधी थांबते, आणि ‘चालता येतंय ना, मग झालं’ म्हणणारेच पुन्हा पोटरी धरून बसतात. नवे तंतू हळूहळू वाढत्या भारानेच बळकट होतात. म्हणून आधी खुर्चीत बसून टाचा उचलाव्यात, मग चौकट धरून दोन्ही पायांवर, नंतर एकाच पायावर, आणि टाच खाली आणताना मुद्दाम सावकाश आणावी. दुखऱ्या पायाची टाच चांगल्या पायाइतकीच उंच आणि तितक्याच वेळा, न दुखता उचलता येईपर्यंत एसटी सुटली तरी सुटू द्यावी. दुसरी येतेच, उशिरा का होईना.