४०० लिटर टाकी, एक चौरस मीटर वाफा: अक्वापोनिक्सचे पहिले ९० दिवस

पुण्यातलं अंगण, सुरुवात महाशिवरात्रीनंतर. अक्वापोनिक्स म्हणजे एकाच फिरत्या पाण्यावर मासे आणि भाजी: माशांनी टाकलेल्या अमोनियाचं जिवाणू आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट रोपं खातात. थंडी सरल्यावर सुरू करायचं ते जिवाणूंसाठी. पाणी २५ ते ३० अंश असलं की ते झपाट्याने वाढतात, डिसेंबरात हेच काम जवळजवळ दुप्पट वेळ खातं.

दिवस ०: मांडणी

काळी ५०० लिटरची टाकी, त्यात ४०० लिटर पाणी. वर अँगलच्या स्टँडवर १ मीटर बाय १ मीटर, ३० सेंटिमीटर खोल वाफा, त्यात सुमारे ३०० लिटर २० एमएम काळी खडी. ओल्या खडीसह वाफा ६०० किलोच्या आसपास जातो. गच्चीवर ठेवायचा विचार असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा; साध्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला एवढं वजन धरून बांधलेला नसतो.

खडीवर व्हिनेगर टाकून बघायचं. फेस आला तर ती चुन्याच्या जातीची, पीएच खाली येऊच देणार नाही. आपल्याकडची काळी बेसॉल्टची खडी चालते. पाणी नितळ येईपर्यंत खडी धूत राहा; राहिलेली भुकटी पंपाच्या जाळीत आणि सायफनमध्ये जाऊन बसते.

नळाचं पाणी दोन दिवस उघड्या पिंपात, एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावून. क्लोरीन उडून गेल्याशिवाय जिवाणूंची वाढ होत नाही.

दिवस २: बेल सायफन

वाफा ठरावीक उंचीपर्यंत भरला की तो आपोआप टाकीत रिकामा करणारी पाइपांची जोडणी म्हणजे बेल सायफन. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून सविस्तर. मधला उभा पाइप १ इंची, उंची २४ सेंटिमीटर, म्हणजे वरची ५ ते ६ सेंटिमीटर खडी कायम कोरडी राहते. (वरची खडी ओली राहिली की शेवाळ धरतं आणि रोपांचे देठ कुजतात.) पाइपाच्या तोंडाला दीड इंचाचा रिड्यूसर, नरसाळ्यासारखा. त्यावर ७५ एमएम पाइपाची टोपीबंद घंटा, तळाशी अडीच सेंटिमीटर उंचीचे चार खाचे. बाहेरून ११० एमएमचा भोकं पाडलेला पाइप, खडी आत येऊ नये म्हणून. वाफ्याखाली पाइपाला एक एल्बो. त्याने पाणी क्षणभर अडतं आणि सायफन पकडतो.

पंप तासाला ४०० लिटर, म्हणजे टाकीचं पाणी तासातून एकदा फिरावं. खोक्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर चढवल्यावर निम्मंही उरत नाही. म्हणून तासाला १००० ते १५०० लिटरचा घ्या आणि बॉल व्हॉल्व्हने जास्तीचं पाणी परत टाकीत सोडा.

दोन बिघाड नेहमीचे. पाणी पाइपाच्या काठावरून नुसतं झिरपत राहतं, सायफन लागतच नाही: प्रवाह कमी आहे किंवा घंटेच्या टोपीतून हवा शिरते आहे. दुसरा: वाफा रिकामा होतो पण गुरगुर थांबत नाही आणि भरती पुन्हा येत नाही: प्रवाह जास्त आहे. व्हॉल्व्ह पाव वळसा फिरवायचा, दोन भरती-ओहोटी बघायच्या, मग पुन्हा. घाईने फिरवलात तर नेमकी जागा सापडत नाही.

पंपाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) हवाच. ओल्या हाताने टाकीत हात घालायचा छंद आहे हा.

दिवस ३ ते ३५: मासे नाहीत, फक्त अमोनिया

शुद्ध अमोनियम क्लोराईड अडीच ग्रॅम, ४०० लिटरला साधारण २ मिलिग्रॅम प्रतिलिटर अमोनिया. कल्हईवाल्यांचा नवसागर म्हणजे हेच, पण बाजारातल्यात भेसळ असते, त्यामुळे प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या. चालू टाकीतली मूठभर खडी कुणाकडून मिळाली तर आठवडाभर वाचतो.

दिवस ११ पर्यंत अमोनिया हललाच नाही. मग नायट्राइट दिसलं. दिवस २० ला नायट्राइट ५ च्या वर, तेव्हा अमोनिया टाकणं बंद. इथे बरेच जण कंटाळून मासे सोडतात. नायट्राइट रक्तात जाऊन प्राणवायू वाहणं रोखतं. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. दिवस ३४ ला अडीच ग्रॅमचा डोस पुन्हा दिला. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. हीच परीक्षा, दुसरी नाही.

दिवस ३६: बोटुकली

पंगस माशाची १२ बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), प्रत्येकी १० ग्रॅमच्या आसपास. पंगस पृष्ठभागावर येऊन हवा गिळू शकतो, त्यामुळे वीज गेली तर रोहू-कटल्यापेक्षा जास्त तग धरतो. तरी बॅटरीवरचा एअर पंप ठेवाच. दचकला की उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळी. तिलापियाला परवाना लागतो. थाई मागूर म्हणून विकल्या जाणाऱ्या आफ्रिकन मागूरवर बंदी आहे.

पिशवी २० मिनिटं टाकीत तरंगत ठेवायची, मग वाटी-वाटीने टाकीचं पाणी पिशवीत. खडे मीठ ४०० ग्रॅम, लिटरला एक: नायट्राइट थोडं वर आलंच तर बचाव.

खाद्य वजनाच्या ५ टक्के, म्हणजे दिवसाला ६ ग्रॅम. चहाचे दोन-तीन चमचे. दहा मिनिटांत न खाल्लेलं चाळणीने काढायचं.

पालेभाजीच्या एक चौरस मीटरला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य लागतं. सहा ग्रॅमवर वाफाभर रोपं लावली तर ती पिवळी पडणारच. सायकलिंगमधलं (अमोनिया देऊन जिवाणू वाढवले त्या काळातलं) नायट्रेट शिल्लक होतं म्हणून चार रोपं: दोन अळू, दोन पुदिना.

दिवस ५८: नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या

लोहाची कमतरता. जुनी पानं पिवळी असती तर नत्राचा संशय घेतला असता. ११ टक्क्यांचं डीटीपीए लोह (पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून बांधून ठेवलेलं लोह) ७ ग्रॅम, म्हणजे २ मिलिग्रॅम प्रतिलिटर. दर तीन आठवड्यांनी. ईडीटीएने बांधलेलं लोह स्वस्त मिळतं, पण पीएच साडेसहाच्या वर गेला की फारसं टिकत नाही.

पीएच तेव्हा ७.६. बोअरच्या पाण्याने भर घातली की वर चढतो. २८ अंशांना पीएच ८ असेल तर अमोनियाचा साडेसहा टक्के भाग विषारी रूपात असतो, पीएच ७ ला एक टक्क्याहूनही कमी. लिंबू-व्हिनेगर ओतू नका. जिवाणू स्वतःच पीएच खाली आणतात.

दिवस ७४: मावा

पाण्याचा बारीक फवारा, पिवळे चिकट सापळे. साबणाचं पाणी, निंबोळी अर्क, बोर्डो मिश्रण, काहीही नाही. खाली मासे आहेत.

दिवस ९०

मे अखेर, पाणी ३१ अंश, वर ५० टक्क्यांची शेडनेट. पालक आणि कोथिंबीर या उन्हात तुऱ्यावर येतात. लाल माठ आणि अंबाडी उत्तम. पीएच ६.७ पर्यंत उतरला, तेव्हा तो सावरायला अर्धा चमचा खायचा चुना बादलीभर पाण्यात कालवून, निवळ तेवढी हळूहळू टाकीत. दिवसात ०.२ पेक्षा जास्त बदल नको.

चार मासे तोलले: सरासरी ५० ग्रॅम. बारा मिळून ६०० ग्रॅम, ४ टक्क्यांनी २४ ग्रॅम खाद्य. अर्धा वाफा आता भरला. मासे ३०० ग्रॅमचे झाले की दीड टक्क्याने खाद्य ५४ ग्रॅमवर जाईल. एका वाफ्याची मर्यादा तीच. तिथून पुढे दर पंधरवड्याला दोन मासे कालवणाला काढायचे, नाहीतर दुसरा वाफा जोडायचा.