वाळवी लपवून घर विकायचं?

"पुट्टी मारून रंग द्या, कोणाला कळतंय," एजंट आज सहज बोलून गेला आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

मागच्या खोलीची चौकट. वरून रंग एकदम शाबूत, पण बोटाने दाबलं की आत जाते. वाळवी आतलं लाकूड खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते, कारण उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही. भिंतीवरची ती मातीची बारीक नळी पण त्यासाठीच, जमिनीतून लाकडापर्यंत ओल धरून यायचा रस्ता. नळी खरवडून रंग दिला तरी खाली वसाहत जिवंतच ना, ती दुसरीकडून वर येणार, आणि तेव्हा त्या घरात दुसऱ्याच कोणाची तरी पोरं झोपलेली असतील.

मी स्पष्ट सांगितलं, येईल त्याला आधी चौकट दाखवायची, कुठे ड्रिल मारून औषध सोडलंय ते पण सांगायचं, ट्रीटमेंटचे कागद द्यायचे. भाव कमी येईल, येऊ दे. तो म्हणाला गिऱ्हाईक पळेल. पळेलही.

पण आयुष्यभराची कमाई घालून घर घेणाऱ्याला हे राहायला आल्यावर कळावं, हे कसं पटतं लोकांना? तुम्ही असतात तर सांगितलं असतं का?