पऱ्हाटी, कॉस्टिक आणि आईचं विसळण

2012-13 च्या दुष्काळात आमची मोसंबीची बाग वाळली. जालना जिल्ह्यात तेव्हा कुणाकुणाच्या बागा गेल्या, ते सांगत बसत नाही. दावणीच्या जनावरांसाठी अण्णांनी भुसकटावर युरिया मारायला सुरुवात केली. शंभर किलोला चार किलो युरिया पाण्यात विरघळवायचा, शिंपडायचा, वर ताडपत्री दाबून तीन आठवडे ठेवायचं. ताडपत्री उचलली की अमोनियाचा भपकारा यायचा. पण एरवी तोंड फिरवणारी गाय ते खायची. मी तेव्हा बी.एस्सी. करत होतो. अमोनियाने काडी फुगते, काडीला कडक ठेवणाऱ्या लिग्निनची पकड सैल होते आणि पोटातल्या जंतूंना सेल्युलोज, म्हणजे साखरेच्या साखळ्यांचा तंतू, सापडतं, हे वाचलं होतं. पटलं मात्र गोठ्यात.

पुढे औद्योगिक वसाहतीत एक शेड भाड्याने घेतलं. धंदा साधा: पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, आणायची, कुटी करायची, ब्रिकेट (जळणाच्या दाबलेल्या कांड्या) पाडून बॉयलरवाल्यांना द्यायच्या. आजही घर त्यावरच चालतं. शेडच्या मागच्या कोपऱ्यात मात्र साखरेचा नाद चालू झाला: पऱ्हाटीतून साखर काढायची, जी यीस्टने आंबवली की इथेनॉल होतं.

पऱ्हाटीच का? कारण कडबा हा कचरा नव्हे, तो चारा आहे. पाचट रानातच कुजवलेलं बरं. तुराट्या चुलीला लागतात. पऱ्हाटी तेवढी बांधावर पेटवली जाते, आणि उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा. एका डिस्टिलरीवाल्यांनी विचारलं, पानिपतला 2022 पासून भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉलचा कारखाना उभा आहे, मग तुमचं का अडतं? साहेब, पेंढा गवत आहे. पऱ्हाटी लाकूड आहे.

आधी आम्ही गंधकाम्ल वापरलं. पाण्यात एक टक्का, दीडशे अंशांच्या वर, दाबाखाली. भांडं भंगारातून घेतलेलं, 304 स्टेनलेसचं. साखर ओळखायची बेनेडिक्टची चाचणी विटकरी लाल आली, तेव्हा आम्ही तिघांनी पेढे वाटले. मग त्या पाण्यात यीस्ट टाकलं. दोन दिवस बुडबुडा नाही. वास करपलेल्या बदामासारखा. उशिरा उलगडा झाला: आम्लाने सेल्युलोज नव्हे, मुख्यतः त्याच्या सोबतचं हेमिसेल्युलोज फोडलं होतं, त्यातून निघालेली साखर झायलोज, आणि ती साध्या यीस्टला पचतच नाही. वर ताप जास्त झाल्याने त्याच झायलोजचं फुरफुराल झालं होतं, ते यीस्टला विष. तोवर भांड्याच्या वेल्डिंगवर खड्डे पडले होते. पेढ्यांचे पैसे वाया.

नंतर कॉस्टिक सोडा. हा लिग्निनच विरघळवतो. कुटी मऊ होते, बोटाने पिळली तर लगद्यासारखी. तिच्यावर सेल्युलोज तोडणारं सेल्युलेज एन्झाइम, पीएच पाचच्या आसपास, 50 अंश, दोन-तीन दिवस. यातून ग्लुकोज निघतं आणि यीस्ट तासाभरात फसफसायला लागतं. अडचण एकच, पण जालन्यातली: पाणी. दहा किलो कुटीतला सोडा धुवून काढायला दोनशे लिटरचा ड्रम दीड-दोनदा रिकामा होई. उन्हाळ्यात तो ड्रम टँकरनेच भरायचा. ब्रिकेटमध्ये मिळालेलं धुण्यात जायचं.

एप्रिलमध्ये आई शेडवर डबा घेऊन आली. आमचं धुणं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "प्रत्येकाला नवं पाणी कशाला रे?" दुष्काळात ती भांडी अशीच घासायची: शेवटच्या विसळण्याचं पाणी पुढच्या भांड्यांच्या पहिल्या हाताला. आता तीन ड्रम ओळीत आहेत. स्वच्छ पाणी फक्त शेवटच्या ड्रमात येतं. तिथलं मधल्यात, मधलं पहिल्यात, आणि पहिल्यातलं कॉस्टिकच्या टाकीत परत. लिग्निन विरघळून काळ्या झालेल्या कॉस्टिकच्या द्रावणातही थोडा ताजा सोडा घालून पुढची खेप काढतो. ताजं पाणी निम्म्याहून कमी लागतं. कारखान्यात याला मोठं नाव आहे, आम्ही आईचं विसळण म्हणतो.

काळं पाणी मात्र फिरवून फिरवून शेवटी फेकण्याजोगं होतंच. नाल्यात सोडणं मला पटत नाही. त्यात आम्ल टाकलं की लिग्निन तपकिरी साका होऊन बसतं. ते गाळून वाळवतो, उरलेलं पाणी प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात उन्हाने आटवतो. वेळखाऊ आहे.

साखरेचं द्रावण अजून नमुन्यापुरतंच जातं. एन्झाइमच्या भावापुढे पऱ्हाटीचा भाव काहीच नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. पण यंदा वाहतूकच नव्हे, मालही महाग होणार. पूर्वी शेतकरी म्हणायचे, "ने बाबा, रान मोकळं कर." परवा शेजारच्या गावचे एक मामा बांधावर उभे राहून म्हणाले, "नेतो तर ने, पण ट्रॉलीला काय देतोस ते आधी बोल."