मे महिन्यातला डोह

ओढ्यातले मासे मोजायचे म्हणजे जाळं टाकायचं आणि उपसायचं, असं लोकांना वाटतं. निम्मं काम दगड उलटण्याचं असतं. खालच्या अंगाला हातजाळं धरायचं आणि वरून पायाने दगड हलवायचे. दगडाखाली दडणारी मुरी मासळी तेव्हाच जाळ्यात घसरते, एरवी डोळ्यासमोर असून दिसत नाही.

सह्याद्रीतला एक ओढा. वरचा टप्पा करंज-जांभळांच्या सावलीत, खालच्या टप्प्याची झाडी रस्त्यासाठी साफ झालेली. जानेवारीतल्या पाहणीत मासे खालीच जास्त मिळाले. ऊन लागलं की दगडांवर शेवाळ धरतं आणि ते खरवडून खाणारा मळ्या तिथे गर्दी करतो. अहवाल मागवणाऱ्यांनी त्यावरून 'वृक्षतोडीचा परिणाम नाही' असं लिहून टाकलं. जानेवारीत गाडी ओढ्यापर्यंत जाते, म्हणून पाहणी जानेवारीत!

मे महिन्यात मी हट्टाने पुन्हा गेले. धार तुटलेली, नुसते डोह उरलेले. दुपारी खालच्या डोहाचं पाणी ३४ अंश, पण प्राणवायू भरपूर. बरोबरचा सहकारी खूश होऊन मीटर आवरायला लागला. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं, हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण पहाटे उठायची तयारी कोणाची नसते. पहाटेचा आकडा लिटरला १.४ मिलिग्रॅम. मळ्ये उताणे तरंगत होते. जाळ्यात जिवंत आला तो फक्त डोक, मरळीचा छोटा भाऊबंद. तो पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतो, म्हणून वाचला.

वरच्या डोहात २७ अंश. पाला कुजून पाणी काळपट झालेलं, प्राणवायू तिथेही बेताचाच. पण मुळांच्या कपारींत मुरी, खवली, मळ्या तग धरून होते, आणि फांदीवरून मुंगी पडली की दांडवन झडप घालत होता.

खरी पंचाईत पुढेच. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन आलेले एक मामा म्हणाले, "ताई, चढण लागू द्या, सगळे येतील परत." चढण म्हणजे पावसाळ्यात मासे प्रवाहाविरुद्ध वर येतात ती. आणि आलेच. पावसानंतर दोन्ही टप्प्यांची यादी जवळजवळ सारखी! ओढा स्वतःच पुरावा पुसून टाकतो. मी अहवालात मेचे आकडेही जोडले, तर 'पाहणीची तारीख एकच द्यावी' असा शेरा मारून कागद परत आला.

आता प्रश्न एवढाच, की खालचा टप्पा भरला तो वरच्या डोहात जगलेल्यांनी, की नदीतून चढून आलेल्यांनी? यंदा उन्हाळ्यात वरच्या डोहातल्या मळ्यांच्या पराचं टोक खुणेसाठी कातरून सोडणार आहे, आणि पावसानंतर ती खूण खाली शोधणार. रस्ता नसला तरी.