पॉईंट बावीस घेताना
स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमधे 50 मीटर रायफल थ्री पोझिशनला ब्रॉन्झ आणलं अन् माह्या डोक्यात पॉईंट बावीसची रायफल शिरली. लायसन निघालं पण पैसा कपाशीचा, म्हणून ईशापूर कारखान्याची जुनी बोल्ट अॅक्शन, म्हणजे हातानं दांडा मागंपुढं करून गोळी भरायची रायफल, पाहाले गेलो. लाकूड काय चमकत होतं! मी बोल्ट काढून नळी उजेडाकडं धरली तं तोंडाशी ओरखडा, तिथंच नाही म्हटलं, कारण गोळी सुटते तिथलीच कड बिघडली तं ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा झुबका, पसरतेच. दुसरी घेतली, मग दोन कंपन्यांचे राऊंड टेकून मारले, एकाचा ग्रुप रुपयाएवढा, दुसऱ्याचा बशीएवढा, नळी तीच! अन् पॉईंट बावीसचं काडतूस रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारं, ते रिकामं झालं का परत भरता येत नाही, तो खर्च वेगळा.

शेजारचे काका म्हणे, रानडुक्कर पडते का बाप्पा?

नाही काका, कागदाले भोक पडते.